'मानवी' इंटरल्युकिन म्हणजे माणसातून काढलेलं का? शब्द सुचवा

परीक्षानळी
एक खरीखुरी अडचण आहे. लॅबमधल्या मदतनिसांसाठी मी फ्रीझरच्या चिठ्ठ्या मराठीत करतेय, एका कुपीवर "पुनःसंयोजित मानवी इंटरल्युकिन-२" लिहिलं (इंटरल्युकिन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते प्रथिन). दुसऱ्या दिवशी बघते तर आमच्या काकांनी ती कुपी रक्ताच्या नमुन्यांच्या कप्प्यात ठेवलेली. म्हणाले, "ताई, मानवी लिहिलंय, म्हणजे कुणाच्या तरी रक्तातलंच असणार ना." आता यात त्यांचं काय चुकलं? ते कुणाच्या अंगातून काढलेलं नाहीच, माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं प्रथिन आहे. पण "मानवी" गाळताही येत नाही, उंदराचं वेगळं मिळतं, आणि माणसाचं इंटरफेरॉन गॅमा (असंच दुसरं निरोप्या प्रथिन) उंदराच्या पेशींवर घातलं तर त्या ढिम्म हलत नाहीत. कुपी करंगळीच्या पेराएवढी, चिठ्ठीत तीन-चार शब्दच मावतात.

जुनी वही
"मानवसदृश" लिहा.

परीक्षानळी
सदृश म्हटलं की नकली वाटतं हो. अमिनो आम्लांची माळ माणसाचीच आहे, फक्त गुंफली जिवाणूने. जिवाणू तिला साखरेचे रेणू जोडत नाही एवढा फरक पडतो, ते हवे असतील तर सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेलं घ्यावं लागतं.

आंबेवाला
अहो मग "कलमी" म्हणा की! आमच्या रत्नागिरीकडे रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, मुळं रायवळची, फळ हापूसचं. तुमचा जिवाणू म्हणजे खुंट आणि माणसाचं जनुक म्हणजे काडी. कलमी आंबा म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझे आजोबा काडी बांधून झाली की वर ओलं फडकं गुंडाळायचे आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, तेव्हापासून कलम हा शब्द मला फार जवळचा.

पाणकावळा
चित्र छान पण फसवं आहे. कलमात खुंट खुंटच राहतो आणि काडी काडीच, जनुकं एकमेकांत जात नाहीत. इथे जनुक जिवाणूच्या आत जातं आणि तो दुभंगला की दोन्ही पिल्लांत उतरतं.

जुनी वही
शिवाय कलम अरबी. पुनःसंयोजित हा नीट घडवलेला शब्द असताना उसना कशाला?

आंबेवाला
उसना?? कोकणातल्या कुठल्याही बागेत जाऊन दुसरा शब्द वापरून दाखवा. आणि ते पुनःसंयोजित काकांना कळलं का? नाही कळलं, म्हणून तर हा धागा निघाला.

पाणकावळा
नाव शंभर टक्के बरोबर असलंच पाहिजे असंही नाही म्हणा. इंटरल्युकिन हे नाव १९७९ साली ठरलं, पांढऱ्या पेशींच्या आपापसातला निरोप या अर्थाने. पुढे कळलं की दुसऱ्या पेशीही ते बनवतात. नाव कुणी बदललं का?

जुनी वही
त्यातला ल्युक म्हणजे ग्रीक ल्युकोस, पांढरा, झळझळीत. आपला संस्कृत रुच् धातू त्याच घराण्यातला, रोचते म्हणजे प्रकाशते. तेव्हा आपल्या भाषेत या शब्दाला सोयरे आहेत, ते शोधायचे कष्ट घ्यायला हवेत.

वऱ्हाडी मन
तुम्ही सगळे पेशी पेशी करून राहिले, आमच्या अमरावतीकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. माझ्या बाबांच्या शेताच्या केसच्या पेश्या किती वर्षं चालल्या, शाळेत सरांनी "पेशी म्हणजे सजीवाचा सर्वात लहान घटक" शिकवलं तेव्हा मी खरंच गोंधळलो होतो.

जुनी वही
संस्कृतात पेशी मांसाची, हिंदीतही मांसपेशी. मराठीने तो शब्द जीवशास्त्रातल्या सूक्ष्म घटकासाठी घेतला आणि मांसाला स्नायू लावला. हिंदीची कोशिका जास्त स्वच्छ आहे असं माझं प्रामाणिक मत.

पाणकावळा
अजिबात नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलं पांढऱ्या पेशी, लाल पेशी म्हणत आलीत, रक्ताच्या रिपोर्टवर लोक तेच बोलतात. आता कोशिका आणायची म्हणजे चालत्या गाडीचं चाक काढणं.

परीक्षानळी
चिठ्ठीचं सांगा ना कुणीतरी. काल काकांनी दुसरी कुपी उजेडात धरली आणि म्हणाले ही रिकामी आहे, टाकू का? आत १० मायक्रोग्रॅम कोरडं प्रथिन, नजरेला दिसतच नाही, कधी झाकणालाच चिकटलेलं असतं, म्हणून उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाला आणायचं. तोवर मी "मानवी"च्या खाली "रक्तातलं नाही" असं लाल शाईने लिहिलंय.

वऱ्हाडी मन
लाल शाई बरी. पण स्नायू म्हणजे संस्कृतात नस का अस्थिबंध, ते नक्की सांगा बरं.

आंबेवाला
आणि कलम अरबी म्हणणाऱ्यांनी लेखणीच्या कलमाचं झाडाचं कलम कसं झालं तेही सांगावं. काडी तिरकी छाटतात ना, बोरूसारखी, त्यावरूनच आलं असणार असं मला वाटतं.