फिंगरबोर्डला शिसवाऐवजी बाभूळ का नको? (रंधा, कानस आणि पटाशी या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

रंधा
हाताने बनवलेल्या गिटारीच्या फिंगरबोर्डला, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या फळीला, शिसव किंवा आबनूसच हवं, हा हट्ट सोडायला हवा. २०१७ पासून डाल्बर्जिया या वंशातली सगळी झाडं सायटीसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, शिसवही आणि शिसूही. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या फळीला नाही. बैलगाडीच्या चाकाचे तुंबे ज्या बाभळीचे होत, तिचा लालसर गाभा तारांखाली सहज टिकेल.
फळी ९ मिमी जाड, ७० रुंद, ५२० लांब कापा. दोन्ही टोकांना मेण लावा, मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि दर आठवड्याला वजन करा. महिनाभर वजन हललं नाही की रंधून ६.५ मिमीवर आणा. बाहेरचं पांढरं लाकूड अजिबात घेऊ नका, कीड तिथूनच शिरते.

कानस
सायटीस देशाबाहेरच्या व्यापाराला लागू. पुण्यात बनून पुण्यातच वाजणाऱ्या गिटारीचा त्याच्याशी संबंध नाही. शिसवाचा तुटवडा खरा आहे, पण कारण म्हणून तेवढंच सांगा.
मुख्य म्हणजे कठीण लाकूड आणि स्थिर लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी. बाभळीचं खोड आखूड आणि वाकडं, त्यातून उभ्या रेषांची (टोकाकडून पाहिल्यावर वाढीच्या रेषा उभ्या दिसणारी) सरळ ५२० मिमी फळी क्वचितच निघते. आडव्या रेषांची फळी रुंदीत जवळपास दुप्पट आक्रसते. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फळीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या) रुंदी ५२ मिमी असेल आणि फळी एक टक्का आक्रसली, तर अर्धा मिमी गेला. फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हाताला बोचतात.
वजनाची कसोटीही अर्धवट आहे. जुलैत वजन स्थिर झालं म्हणजे लाकूड पावसाळी हवेशी जुळलं, एवढंच. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तेच लाकूड पुन्हा आक्रसणार.

पटाशी
मग वाड्यांचं जुनं सागवान का नको? जुन्या तुळया दशकानुदशकं वाळलेल्या असतात, सागासारखं कमी हलणारं लाकूड शोधून सापडत नाही.

कानस
नेकसाठी, म्हणजे गिटारीच्या मानेसाठी, उत्तम. फिंगरबोर्डला मऊ पडतं. स्टीलच्या तारांखाली फ्रेटांच्या मधे खळगे पडतात, आणि फ्रेट बदलताना खाचेच्या कडेची ढलपी निघते. शिवाय साग तेलकट, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावा लागतो. नायलॉनच्या गिटारीला मात्र चालेल.

रंधा
पावसाळ्याचा मुद्दा मान्य. खाचा आणि फ्रेट बसवणं फेब्रुवारी ते मे, किंवा आर्द्रतामापक ठेवलेल्या बंद पेटीत ४५ ते ५० टक्क्यांवर. वाकड्या खोडाचं उत्तर निवडीत आहे: दहातली एकच फळी घ्या, बाकीच्या नऊ खुंट्यांना वापरा. ते परवडतं, कारण बाभूळ स्वस्त आहे.
फळी चिकटवायला पाण्याचा गोंद नको. पातळ फळी एका बाजूने पाणी पिते आणि नेक मागे वाकते. मंद सुकणारं इपॉक्सी वापरा.

कानस
नेक मागे वाकण्याचं आणखी एक कारण आहे, ते बाभळीतच जास्त भोवेल. एवढं कठीण लाकूड दबत नाही. खाच अरुंद राहिली तर वीस-बावीस फ्रेटची जिभली (खाचेत शिरणारा खालचा भाग) पाचरीसारखी काम करते. म्हणून ०.५८ मिमीची करवत डोळे मिटून वापरू नका. आधी उरलेल्या तुकड्यात तीन खाचा मारा, फ्रेट ठोका आणि मागे पट्टी धरून बघा. तुकडा कमानीसारखा वाकला, तर खाच थोडी रुंद करा.

पटाशी
आणि अंजन या झाडाचं लाकूड घेतलं तर? ते बाभळीहूनही जड.

कानस
अंजन करवतीचे दात खाऊन टाकतं. पण उभ्या रेषांची फळी मिळाली, तर बाभळीच्या आधी मी तेच घेईन.