मदत हवी आहे: पिन पार्वती ट्रेकसाठी सोलापुरात तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी, ऑगस्टअखेरीस हिमाचलमधल्या पिन पार्वती पासला (उंचावरची खिंड) जायचं ठरलंय. बर्शेणी, खीरगंगा, मानतलाई करत हिमनदीवरून पास ओलांडायचा आणि पलीकडे स्पितीत मुद गावी उतरायचं. पासची उंची सुमारे 5300 मीटर, आणि आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशे! इथे चढ म्हणाल तर उड्डाणपुलाचा. किल्लासुद्धा भुईकोट.

वय 46. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवती चालतो, पण सपाटीवर चालून काय होणार? गेल्या रविवारी पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन तुळजापूरच्या पायऱ्या चढ-उतार केल्या. चढताना काही नाही, उतरताना नवीन बुटांनी दगा दिला. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. बूट एक नंबर मोठे घ्यावेत, की लेस बांधण्यात माझं काही चुकतंय?

दुसरं, बर्फाखालच्या भेगांची धास्ती वाटते. दोराला बांधून घेऊन चालणं, क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली लावायचे काटे) लावणं याचा सराव वाटेत करून घेतात, की आधी कुठे शिकावं? दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात, म्हणून पहाटेच ओलांडतात हे वाचलंय. त्या गार पाण्यात पायात नेमकं काय घालता? डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारणारच आहे.

सोबत कडक भाकरी अन् शेंगा चटणी नेतोय, त्यावर चर्चा नाही! सोलापुरातलं कुणी हा ट्रेक करून आलं असेल तर प्लीज कमेंट करा, चहा माझ्याकडून.