अण्णा नाईकचा रुबाब आणि माईंचं ताट

राजेंद्रनगरची सून
काल एका दादांनी लिहिलं की त्यांच्या कॉलनीच्या गणपतीत एका लहान मुलानं फॅन्सी ड्रेसमध्ये 'रात्रीस खेळ चाले'मधला अण्णा नाईक केला. मिशी लावली, अण्णाची ठेवलेली बाई शेवंता, तिच्या नावानं हाक मारली, पहिलं बक्षीस नेलं. मुलाचं मला काही नाही, त्याला घरच्यांनी शिकवलं ते त्यानं केलं. पण शेवटी त्यांनी वाक्य टाकलं : "असा रुबाबदार पुरुष आता घराघरांतून नाहीसा झाला." त्याचं उत्तर द्यायचं आहे.

असा पुरुष आमच्या घरात होता. माझे आजेसासरे. एक संसार इथे इंदूरला, दुसरा देवासला, आणि दोन्हीकडे धाक. आजेसासूबाई रात्री कितीही वाजले तरी त्यांचं पान वाढल्याशिवाय जेवत नसत. ते देवासहून जेवून आले असले तर आजी उपाशीच निजत, कारण "तू जेवलीस का" असं विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती. ते गेल्यावर दहाव्याला तिकडची मुलं आली, त्यांनाही आजींनीच वाढलं. आजही लग्नकार्यात नातेवाईक भेटले की "काय दरारा होता हो" म्हणतात. आजींचं नाव काय होतं, हे त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. त्यांचं नाव सुमती.

मालिका बघा. 2016 साली पहिला भाग सुरू झाला तो अण्णांच्या मरणानं. 2019 ला मागचा काळ दाखवायला घेतला आणि अण्णा-शेवंता मधोमध येऊन बसले. माणसं मारणारा, जमिनी लाटणारा, बायकोला पायपुसण्यासारखं वागवणारा माणूस, आणि त्याचा रुबाब बघायचा? त्या बायकोला, माईंना, काय दिलं? पदर आणि रडणं.

रामबागकर
ताई, ते वाक्य माझं. तुमच्या आजींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही मालिकेवर अन्याय करता. माधव अभ्यंकरांनी ओसरीवर नुसतं बसून, मान न वळवता जी नजर दाखवली, ती मी पुन्हा पाहिली नाही. बाकी मालिकांतले नायक काय असतात? इस्त्रीचा शर्ट घालून आई आणि बायकोच्या मधे उभे! एक निर्णय घेता येत नाही. अण्णा वाईट आहे, पण जे करतो ते स्वतः ठरवून करतो, आणि ते त्याला फेडावं लागतं. घराची धूळधाण होते, मेलेली माणसं पाठ सोडत नाहीत. हे न दाखवता नुसता रुबाब दाखवला असता तर मीही तुमच्या बाजूनं बोललो असतो.

पलासियाची मावशी
फेडावं लागतं ते शेवटी. तोवर शेकडो भाग आपण त्याच्याबरोबर बसतो. 2020 ला 'देवमाणूस' लागलं तेव्हा आमच्या घरात हेच झालं. त्यातला खुनी डॉक्टर झालेला किरण गायकवाड हसला की आमच्या सासूबाई म्हणायच्या, "किती गोड आहे गं." तो बायका मारतोय, आणि गोड! वाईजवळ धोमला 2016 मध्ये असाच, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा एकजण खरोखर पकडला गेला होता, पुरलेली प्रेतं निघाली होती. त्या बायकांच्या घरचे लोकही टीव्ही बघतात. त्यांना काय वाटत असेल?

जुना इंदूरकर
अण्णा नाईक काल्पनिक आहे, त्याचं काहीही करा. पण 2021 ला सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' आली, त्यात मल्हाररावांच्या पत्नी द्वारकाबाईंना कारस्थानी करून टाकलं! होळकरांच्या घरातली बाई, आणि ती दाराआडून कान लावते, टोमणे मारते. खलनायक हवाच होता तर इतिहासात तयार बसला होता. 1766 ला मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव गेले आणि दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी गादीवर दत्तक बसवण्याचा घाट घालून पेशव्यांच्या घरातल्या राघोबादादाला बोलावलं. राघोबा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आला. अहिल्याबाईंनी त्याला न लढता परत फिरवलं. एवढं नाट्य हाताशी असताना सासवा-सुनांचं कशाला?

भंवरकुआं_22
काका, पण माझ्या वयाच्या पोरांना द्वारकाबाई, गौतमाबाई ही नावं त्या मालिकेमुळेच माहीत झाली ना. मी रोज राजवाड्यासमोरून जातो, शाळेत कुणी चार ओळींच्या वर सांगितलं नाही. तुम्ही लोक एवढं वाचून राहिले, तर कधी आम्हाला बसवून सांगितलं का?

जुना इंदूरकर
विचारायला आलात कधी? व्याख्यानाला मी जातो तेव्हा सगळ्या खुर्च्यांवर पांढरे केस दिसतात. चुकीचं माहीत होण्यापेक्षा माहीत नसलेलं बरं! चुकीचं काढून टाकायला पिढ्या लागतात.

भंवरकुआं_22
व्याख्यान संध्याकाळी 6 ला ठेवता, तेव्हा आमचे क्लास असतात. आणि येऊन एक प्रश्न विचारला तर आधी मराठीची चूक काढतात. मग कोण येईल?

रामबागकर
अहो, विषय कुठे चालला! दोघंही थांबा.

राजेंद्रनगरची सून
थांबू नका, काकांनी माझंच म्हणणं पुढे नेलं आहे. अण्णा खून करतो तर त्याला रुबाब म्हणायचं, आणि द्वारकाबाई नुसत्या टोमणे मारतात तर त्या डोळ्यांत खुपतात. 'माझ्या नवऱ्याची बायको' चालू असताना आमच्या भिशीत त्यातल्या नवऱ्याच्या प्रेयसीला, शनायाला, काय काय बोलायच्या बायका! संसार मोडायला निघालेला नवरा गुरुनाथ, पण त्याला "बिचारा फसला". वाईट पुरुष लिहिला की त्याला वजन देतात, वाईट बाई लिहिली की तिला कुजकेपणा देतात. रामबागकर, तुम्ही शेवंताचा रुबाब असं कधी लिहाल?

रामबागकर
शेवंताला कमी लेखू नका, अपूर्वा नेमळेकरनं ती जिवंत केली. पण तुमचा प्रश्न तो नाही, कळलं. नाही, रुबाब असं मी लिहिलं नसतं.

पलासियाची मावशी
एवढं कबूल केलंत ते पुष्कळ.

रामबागकर
मावशी, पुरतं कबूल केलेलं नाही. नट थोर आहे आणि भूमिका ताकदीची आहे, ह्यावर मी ठाम आहे. ते शेवटचं वाक्य तेवढं काढतो. घराघरांत कोण काय सोसत होतं, ते ओसरीवरून दिसत नाही, हे ताईंचं मान्य. बाकी पोस्ट तशीच राहील.

जुना इंदूरकर
@भंवरकुआं_22 रविवारी सकाळी 10 ला घरी या. चंद्रचूड प्रकरणावरची पुस्तकं काढून ठेवतो. मराठी कशीही बोला.