मान्सून म्हणजे वारा, ऋतू की पाऊस?

शब्दवेध (मालवण):
नववीच्या मुलांसाठी कोकणातील जुन्या बंदरांवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘विंटर मान्सून’ या शब्दप्रयोगापाशी मी अडलो आहे. आपल्याकडे मृगाच्या सुमारास मान्सून येतो. मग जानेवारीतला हा कोरडा मान्सून कोणता? ‘हिवाळी पाऊस’ लिहिले तर वाक्याचा अर्थच बिघडतो.

दर्यावाट (रत्नागिरी):
आपली शंका रास्त आहे, कारण हा शब्द मुळात पावसाचा नव्हेच. अरबीतील ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, ऋतू. तो पोर्तुगीजांनी आपलासा केला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोहोचला. शिडाच्या जहाजांची सारी भिस्त वर्षातून दोनदा दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांवर असे: हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर चौल-दाभोळची गलबते अरबस्तान व पूर्व आफ्रिकेकडे निघत, आणि नैऋत्येचा वारा धरून, पण ऐन जून-जुलैतील खवळलेला दर्या टाळून, माघारी येत. अशा रीतीने ऋतूचे नाव वाऱ्याला मिळाले. आपल्या लेखात ‘ईशान्य मोसमी वारे’ असेच लिहावे.

आपला ‘मोसम’ही त्याच अरबी मुळाचा, फारसीमार्गे आलेला. ‘आंब्याचा मोसम’ म्हणताना आपण मूळ अर्थच जपतो, याचा मला फार आनंद वाटतो.

नभांगण (अलिबाग):
वरील उत्तराला एक पुरवणी. भारतीय हवामान खाते आजही ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ‘ईशान्य मान्सून’ हीच संज्ञा वापरते; तमिळनाडूला तेव्हा भरपूर पाऊस मिळतो. भारताच्या संदर्भातील इंग्रजीत मात्र नुसते ‘मान्सून’ म्हटले की बहुधा जून ते सप्टेंबरचा पावसाळाच अभिप्रेत असतो.

शब्दवेध:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लेखात पुढे ‘द मान्सून ब्रोक’ असे वाक्य आहे. तेथे वाऱ्याचा उल्लेख न करता ‘पाऊस सुरू झाला’ असे लिहिले तर चालेल ना?

दर्यावाट:
अवश्य चालेल. मात्र ‘ब्रेक इन द मान्सून’ असे कोठे आढळल्यास जपावे, कारण त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे भर पावसाळ्यात पडलेली उघडीप, असा होतो.