‘सुसंगति सदा घडो’ : वृत्त कोणते, आणि ‘मतिचा’ की ‘मतीचा’?

प्रश्न (शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
आमच्या शाळेच्या परिपाठात मोरोपंतांच्या केकावलीतील ‘सुसंगति सदा घडो’ हे पद्य म्हटले जाते. गावात ग्रामगीतेच्या ओव्या नेहमी कानांवर पडत असल्यामुळे मुले हे पद्यही ओवीच्याच चालीवर, हवे तेथे लांबवून म्हणतात. शिवाय भिंतीवर ‘सुसंगती’ आणि ‘मतीचा’ असे दीर्घ लिहिलेले आहे व तसे म्हटले की ओळ अडखळते. याचे वृत्त कोणते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय कशाच्या आधारे करावा?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, अमरावती)
गुरुजी, वृत्त पृथ्वी आहे. प्रत्येक चरणात १७ अक्षरे, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) ज-स-ज-स-य आणि शेवटी लघु-गुरू (आखूड व लांब उच्चाराचे एकेक अक्षर). यती (म्हणताना थांबण्याची जागा) आठव्या अक्षरावर. पहिला चरण असा सुटतो : सुसंग । तिसदा । घडोसु । जनवा । क्यकानीं । प । डो. दुसऱ्या गणाचा आरंभ ‘ति’ने होतो आणि स-गणाची पहिली दोन अक्षरे लघू असावी लागतात, म्हणून येथे ‘ती’ चालत नाही. ‘कलंक मतिचा झडो’ यातही ‘ति’ पाचवे अक्षर, त्याच गणातले दुसरे. ‘कलंक’मधला ‘लं’ मात्र अनुस्वारामुळे गुरू होतो. ‘कानीं’वरचा अनुस्वार उच्चारला जात नाही, पण ‘नी’ मुळातच दीर्घ असल्याने हिशेबात फरक पडत नाही.

मला या पद्यातील खरी करामत यतीच्या जागी दिसते. घडो-पडो, झडो-नावडो, दडो-अडो, रडो-जडो अशी आठ यमके पंतांनी चार चरणांत बसवली आहेत, त्यांतली चार नेमकी आठव्या अक्षरावर. त्यामुळे कोठे थांबायचे हे बोटे न मोजताही कानाला कळते.

उत्तर २ (मुद्रितशोधक, वर्धा)
‘मती’, ‘गती’ हे दीर्घ लेखन आजच्या नियमांप्रमाणे बरोबरच आहे. परंतु केशवसुतपूर्व पद्य मुळाप्रमाणे छापावे, असे मराठी साहित्य महामंडळाच्या त्याच नियमांत सांगितले आहे. मोरोपंत १७९४ साली निवर्तले, तेव्हा भिंतीवरचा पाठ बदलण्यास नियमांचाच आधार आहे.

उत्तर ३ (भजनी मंडळातील गायक, तिवसा तालुका)
ओवीत लघु-गुरूचा क्रम बांधलेला नसतो, म्हणून म्हणणारा कोणतेही अक्षर ओढू शकतो. मुलांची सवय तेथून आलेली आहे. त्यांना गण पाठ करायला लावण्याआधी ‘सुजनवाक्य’मधील ‘सुजन’ व ‘मुरडितां’मधील ‘मुरडि’ ही सलग तीन-तीन लघू अक्षरे भरभर म्हणवून घ्यावीत आणि प्रत्येक ‘डो’वर टाळी घ्यावी.

उत्तर १ (पुन्हा)
टाळीची सूचना उत्तम, फक्त ‘डो’चे यमक हे पृथ्वीचे लक्षण आहे असा मुलांचा समज होऊ देऊ नये. केकावलीतील पुढची एखादी यतीवर यमक नसलेली केका (पद्य) फळ्यावर लिहून तिचे गण मुलांकडूनच पाडून घ्यावेत.