मेंढा-लेखाचा बांबू आणि परवान्याचे पुस्तक
गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचे जंगल तिथले नेते देवाजी तोफा यांनी 'एकहाती राखले', असे म्हटले जाते; हे विधान मला अर्धेच पटते. त्यांची चिकाटी वादातीत आहे. परंतु त्या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि हे वळण रुजवणे हेच त्यांचे खरे काम होय. या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट अशी की, २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न) ठरला आणि २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्कही मिळाला, तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या लेखी बांबू 'झाड'च राहिल्याने तोडलेला माल परवान्याशिवाय गावाबाहेर नेण्याचा प्रश्न अडूनच होता. वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल २०११ मध्ये, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा.

आमच्या धानोरा भागात पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी घरोघरी होते (मलाही ती फार आवडते), पण तोडीच्या वेळी बेटातले कोवळे बांबू आणि त्यांना आधार देणारे काही जुने बांबू सोडूनच कोयता चालवायचा असतो. नवख्या माणसाचा हात तिथे हमखास चुकतो; माझाही चुकला होता, आणि शेजारच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातून कोयता काढून घेतला.