मदत हवी आहे: रासायनिक सूत्रातले खालचे आकडे कधी काटायचे (समान भाग देऊन लहान करायचे)?

पाण्याच्या सूत्रात एचच्या पायाशी २ म्हणजे एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. सूत्राआधीचा आकडा रेणूंची संख्या सांगतो, कंसाबाहेरचा आतल्या सगळ्यांना लागू होतो. हे कळलंय, ते परत नको.

घोडं अडलंय पुढे. संयुजांची (अणू किती बंध जोडू शकतो त्या आकड्यांची) तिरकी अदलाबदल केली की कॅल्शियम ऑक्साइडला दोन्हीकडे २ येतात, ते काटून सीएओ. मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच२ओ२ तसंच का? ग्लुकोजच्या ६, १२, ६ ला तर सरळ भाग जातो, तरी कोणी हात लावत नाही! आयनिक संयुगात (विद्युतभारित आयनांचं बनलेलं) काटायचे, सहसंयुजमध्ये (अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात ते) नाही, असं धरून बघितलं; पण आयनिक असूनही सोडियम पेरॉक्साइडमध्ये (एनए२ओ२) दोन्ही २ कायम.

शालेय पातळीवर, पाठांतराशिवाय, हे ओळखता येतं का, की आधी रचना माहीत असावीच लागते?